विचारायच्या आधी

टिपेश्वरच्या जंगलाशेजारी सहा खोल्यांचं निवास चालवणाऱ्या व्यवस्थापिकेचा एप्रिलमधला एक दिवस

पहाटे ४.००

गजर वाजतो तेव्हा बाहेरच्या पांदणीवर बॅटऱ्यांचे उजेड हलत असतात. मोह गळायचे दिवस. गावातल्या बाया टोपल्या घेऊन फुलं वेचायला निघालेल्या असतात. मोठमोठ्यानं बोलत जातात, कारण त्याच वाटेनं वाघही जातो.

रात्रपाळीचे काका वही पुढे करतात. ‘खोली ३, दीड वाजता दिवा लागला, परत साडेतीनला. खोली ५, मध्यरात्री कूलर बंद केला. खोली १, पोरगी रडली.’ काका कुणाच्या खिडकीशी जात नाहीत. अंगणात बसून जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढंच लिहितात.

मी घाटंजीची. नागपुरात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि मग जपानमध्ये हाकोनेजवळच्या एका लहानशा ऱ्योकानमध्ये काम केलं. ऱ्योकान म्हणजे त्यांचं पारंपरिक निवास: चटईची जमीन, गरम पाण्याचं कुंड, रात्रीचं आणि सकाळचं जेवण तिथेच. जपाननं २०१९ साली परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा काढला, त्यात हॉटेलची कामंही धरली होती. २०२१ च्या जानेवारीत भारताशी करार झाला आणि आमच्यासारख्यांना वाट मोकळी झाली. पाहुण्याच्या आगमनापासून निरोपापर्यंत त्याची सगळी देखभाल जिच्याकडे असते, तिला तिथे नाकाई म्हणतात. मी नाकाई होते. ही वही तिथूनच आली. काकांच्या अक्षरात ती वऱ्हाडी झाली, एवढंच.

पहाटे ४.४५

दारावर टकटक होते ती चहाचा थर्मास ठेवून झाल्यावर. खोली २ ला बिनसाखरेचा, ५ ला कोरा, ३ ला दूध जास्त. हे काल संध्याकाळी पहिल्या चहाच्या वेळी कळलेलं असतं, त्यामुळे अर्धवट झोपेतल्या माणसाला पुन्हा विचारायची गरज राहत नाही.

ओट्यावर बूट मांडणं हे माळीदादांचं काम. ऱ्योकानमध्ये पाहुणा आत गेला की कुणीतरी त्याची पादत्राणं बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवतं, म्हणजे निघताना वळावं लागत नाही. इथेही तसंच, फक्त आधी प्रत्येक बूट उलटा करून दोनदा झटकायचा. तिथे अदबीसाठी, इथे विंचवासाठी.

पहाटे ५.१५

जिप्सी येतात. टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर, केळापूर आणि घाटंजी या दोन तालुक्यांत पसरलेलं. टिपाई देवीचं ठाणं आत आहे आणि नावही तिचंच. आमचे बहुतेक पाहुणे सुन्ना फाटकातून जातात. परवान्यावरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र जुळलं नाही तर फाटकावर सगळा उत्साह उतरतो, म्हणून ओळखपत्रं आदल्या रात्रीच एका पिशवीत घालून ठेवलेली असतात.

खोली ३ मधले आजोबा हैदराबादहून आले आहेत. काल ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना त्यांनी कठडा धरला, हे स्वयंपाकाच्या मावशींनी पाहिलं होतं. जिप्सीची पायरी उंच असते. आज त्यांच्या बाजूला एक लाकडी पाट उभा-आडवा ठोकून केलेली चौकी ठेवली आहे. पण फक्त त्यांच्यासाठी ठेवली असं दिसायला नको, म्हणून आम्ही तिन्ही गाड्यांना चौक्या लावतो. खोली १ मधली पोरगी चौकीवरून तीनदा उडी मारते. आजोबा पाय ठेवून वर चढतात आणि आपल्या पत्नीशी तेलुगूत बोलत राहतात, जणू चौकी तिथे कायमचीच होती.

सकाळी ६.३०

सगळे जंगलात. आता खोल्या.

खोली आवरणं हे अर्धं काम, अर्धं वाचन. खोली ३ मध्ये दोन उशा घडी करून पलंगाच्या पायाकडे ठेवल्या आहेत, म्हणजे रात्री त्या गुडघ्याखाली होत्या. भांडारातून लोड काढून तिथे ठेवायचा आणि उशा पुन्हा डोक्याशी. दीडच्या आणि साडेतीनच्या दिव्याचाही उलगडा होतो: न्हाणीघराची वाट. तिथे जमिनीलगत लावायचा छोटा दिवा आजपासून. खोली ५ मध्ये मुंबईच्या छायाचित्रकार बाई एकट्या आहेत. त्यांनी खुर्ची भिंतीपासून ओढून प्लगजवळ आणली आहे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भारायच्या असणार. खुर्ची तिथेच राहू द्यायची आणि जवळ एक लांब वायरचा बोर्ड ठेवायचा. कूलर का बंद केला, तेही लक्षात येतं. त्याचा झोत थेट पलंगावर येतो. कूलरच्या पट्ट्या वळवल्या की झालं.

हाकोनेच्या मालकीणबाई, ज्यांना तिथे ओकामी म्हणतात, मला रिकाम्या खोलीच्या दारात गुडघ्यांवर बसवायच्या आणि आत पाऊल न टाकता काय काय दिसतं ते सांगायला लावायच्या. उशी, पेला, पडदा, खिडकीची फट. त्यानंतरच आत जायचं. पहिले काही दिवस मला काहीच दिसायचं नाही. मग दिसायला लागलं, आणि फार दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी दुसरा धडा दिला.

तो वहीच्या पहिल्या पानावर मी मराठीत लिहून ठेवला आहे: ज्यावर उद्या काही करता येईल, तेवढंच लिहायचं. गुडघ्याखालची उशी लिहायची. नवरा-बायको भांडले, ते लिहायचं नाही. कचऱ्याच्या डब्यात किती बाटल्या होत्या, फोनवर कुणी काय बोललं, कोण कुणाबरोबर आलं, यातलं काहीही नाही. पाहुण्याची बॅग उघडी असली तर तशीच राहू द्यायची, कागद हलवायचे नाहीत. लहान गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असतं आणि आमची सगळी माणसं लहान गावातली. काळजी आणि चौकशी यांतली ही रेघ नसती, तर एवढं बघणारी माणसं पाहुण्यांना नकोशी झाली असती.

सकाळी ८.००

उभ्यानं बैठक, पंधरा मिनिटं. जपानमध्ये बहुतेक कामाच्या जागी दिवसाची सुरुवात अशा सकाळच्या सभेनं होते. इथे स्वयंपाकघराच्या मागे कडुनिंबाखाली. प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची.

“त्या लहान पोरीनं काल भाजी ठेवली, नुसती भाकर न् गूळ खाल्ला,” भांडीवाल्या ताई सांगतात. परत आलेल्या ताटांबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून बैठकीत पहिला मान त्यांचा.

“मंग आज गुळाच्या दशम्या करतो,” मावशी म्हणतात.

माळीदादांना तेलुगू येतं. तेलंगणाची हद्द इथून जवळ आणि त्यांची सोयरीक आदिलाबादेत. खोली ३ च्या आजी हिंदीत अडखळतात, तर दिवसभर त्यांच्या आसपासची कामं माळीदादांकडे. बाग झाडायला दुसरं कुणीतरी.

सकाळी ९.४५

जिप्सी परत येतात. इथला सगळ्यात कडक नियम या क्षणाचा: ‘वाघ दिसला का?’ असं कुणीही विचारायचं नाही.

फाटकातून आत येतानाच गाडीचा चालक स्टेअरिंगवरून बोट वर करतो किंवा करत नाही. त्यावरून आम्हाला कळलेलं असतं. बोट वर असेल तर पाहुणे स्वतःच सांगतात, आपण फक्त ऐकायला उभं राहायचं. नसेल तर गार पाण्यात वाळा घालून पिळलेले रुमाल पुढे करायचे, सावलीतली खुर्ची द्यायची आणि न्याहारी लवकर वाढायची. एवढे पैसे आणि एवढी पहाट खर्चून रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला हसतमुखानं तो प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्याकडून हार कबूल करून घेणं. वाघ दाखवणं आमच्या हातात नाही. प्रश्न गिळणं आहे.

आज तीनपैकी एकाच चालकाचं बोट वर आहे. छायाचित्रकार बाईंच्या गाडीचं नाही. त्या न बोलता रुमाल घेतात, मान मागे टाकून चेहऱ्यावर पसरतात. त्यांची न्याहारी ओट्याच्या टोकाच्या टेबलावर, जिथून बाकीच्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत.

सकाळी ११.००

खोली १ निघते. पुण्याचं कुटुंब, पोरीच्या हातात दशम्यांचा डबा. हिशेब रात्रीच कागदावर देऊन झालेला, त्यामुळे आता टेबलापाशी ताटकळणं नाही. गाडीची काच आतून-बाहेरून पुसलेली, मागच्या सीटवर लिंबाच्या सरबताची बाटली, कारण पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर नागपूरपर्यंत ऊन त्यांच्या सोबतीला असणार.

ऱ्योकानमध्ये गाडी वळणाआड होईपर्यंत सगळे वाकून उभे राहतात. आमच्याकडे वाकणं कुणाला जमत नाही आणि शोभतही नाही. आम्ही हात हलवतो, गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत. धुरळा आमच्याच तोंडावर येतो.

बक्षिशी जपानमध्ये रिवाजात नाही. इथे नाकारली तर पाहुण्याला अपमान वाटतो, म्हणून ती एका डब्यात जाते आणि आठवड्याला सगळ्यांत सारखी वाटली जाते: भांडीवाल्या ताईंना मावशींएवढी, काकांना माझ्याएवढी. ज्याला पाहुणा कधी दिसतच नाही, त्याच्या कामावर ही जागा उभी आहे, हे पैशातही दिसायला हवं.

दुपारी १.००

पारा चाळिशी ओलांडून गेलेला. जेवणात ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पाटोडीची रस्साभाजी, ताक, कैरीचा तक्कू.

माझी आणि मावशींची जुनी भांडणं या ताटावरची. त्या यवतमाळच्या मातीतल्या. पाहुण्यानं नको म्हटल्यावर तीनदा वाढलं नाही, तर घरच्यांनी त्याला हाकललं असं त्यांना वाटतं. मी शिकून आले ते उलट: नाकाई वाटी अर्धी होण्याची वाट बघते आणि पाहुण्याच्या हाताचा वेग बघून पुढचा पदार्थ आणते. कुणी डावखुरं असेल तर दुसऱ्या वेळेपासून चॉपस्टिक्सची दिशा बदललेली असते. बोलणं जवळजवळ नाहीच. जपानच्या नोतो द्वीपकल्पावरचं कागाया हे मोठं ऱ्योकान व्यावसायिकांच्या पसंतीच्या यादीत सलग ३६ वर्षं पहिलं राहिलं. तिथे जेवणाची ताटं मजल्यांवर पोचवण्याचं काम यंत्राकडे दिलं गेलं, हेतू हा की नाकाईंचा वेळ आणि दम ओझी वाहण्यात न जाता पाहुण्याजवळ खर्च व्हावा. आमच्याकडे त्यासाठी चाकांची एक गाडी आणि सपाट केलेली पायवाट आहे.

आग्रहाचा तंटा मात्र यंत्रानं सुटत नाही. आम्ही तो माणसांवर सोडला. छायाचित्रकार बाईंना आग्रह नको. त्यांच्या टेबलावर सगळं झाकून ठेवायचं आणि दूर व्हायचं. हैदराबादच्या आजींच्या शेजारी मावशी स्वतः उभ्या राहतात, “घ्या ना जी, अर्धीच” म्हणत. आजी हात आडवा धरतात, हसतात आणि अर्धी घेतात. त्यांना तेच हवं असतं. इथे न विचारता, न बोलता वाढून निघून गेलं तर त्यांना ते कोरडं वाटेल. जपानी पद्धतीनं मला आग्रह सोडायला शिकवलं नाही. तो कुणासाठी आहे हे आधी ओळखायला शिकवलं.

दुपारी २.००

आता आमची झोप. हे सुद्धा कामाच्या तक्त्यात लिहिलेलं आहे.

ऱ्योकानची पाळी सकाळी लवकर सुरू होते, दुपारी काही तास सुटते आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा. त्या मधल्या सुट्टीला नाकानुके म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण दिवस चौदा-पंधरा तासांचा ताणला जातो आणि माणसं थकून सोडून जातात. जपानमध्ये या धंद्याला माणसं मिळेनाशी झाली, त्यामागे हेही एक कारण. टोकियोपासून फार लांब नसलेल्या त्सुरुमाकी ओन्सेनमध्ये जिन्या नावाचं १९१८ पासूनचं लहान ऱ्योकान आहे. ते कर्जात बुडालं होतं. २००९ साली घरच्या तरुण जोडप्यानं ते हाती घेतलं, पाहुण्यांची सगळी माहिती टॅबलेटवर आणली, जेणेकरून कुणालाही कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागू नये. पुढे त्यांनी आठवड्यातले काही दिवस ऱ्योकान चक्क बंद ठेवायला सुरुवात केली. माणसांना विसावा मिळाला, पगार वाढवता आले आणि धंदाही सावरला.

ते वाचून आम्ही दोन गोष्टी केल्या. मंगळवारी रात्री एकही खोली द्यायची नाही. आणि दुपारी कामाच्या बायांना रणरणत्या उन्हात गावात परत पाठवायचं नाही: मागच्या खोलीत खाटा, माठ, आणि पाहुण्यांच्या खोलीत असतो तेवढाच मोठा कूलर. पहाटे चारपासून उभी असलेली बाई संध्याकाळी गुडघ्याखालची उशी बघू शकत नाही. तिला फक्त पलंग दिसतो.

दुपारची सफारी तीनच्या सुमारास निघते. गाड्या सोडायला एकजण जागा असतो, तो आळीपाळीनं.

दुपारी ४.३०

नवे पाहुणे, नागपूरहून चौघं. काल फोनवर मी तीनच प्रश्न विचारले होते: काय खात नाही, कुणाला चालायला किंवा चढायला त्रास आहे का, आणि पहाटे उठायचं आहे की झोपायचं. दहा प्रश्न विचारले की लोक उत्तरं द्यायची म्हणून देतात.

आल्याबरोबर नोंदवही पुढे करायची नाही. आधी माठाचं पाणी, मग पन्ह्याबरोबर तिळाची चटणी लावलेल्या भाकरीचे लहान तुकडे. ऱ्योकानमध्ये पोचल्यावर खोलीत चहा आणि छोटी मिठाई ठेवलेली असते. प्रवासातून आलेल्या माणसानं उपाशीपोटी गरम कुंडात उतरू नये, असं त्याचं कारण सांगतात. इथे गरम कुंड नाही, आकाशच तापलेलं आहे. सह्या नंतर, खोलीत, पंख्याखाली.

संध्याकाळी ६.४५

अंधार पडायच्या आत गावातल्या दिवसपाळीच्या बायांना घरी सोडायला गाडी निघते. हे काम कुठल्याही पाहुण्याच्या कुठल्याही मागणीसाठी पुढे ढकललं जात नाही. त्याच वेळी कुणाला स्टेशनवर जायचं असेल तर दुसरी गाडी बोलावतो, पैसे आमचे.

कारण सांगायची इथे कुणाला गरज नसते. याच भागात २०१६ पासून दोन वर्षांत १३ माणसांचे बळी एका वाघिणीच्या नावावर धरले गेले. अवनी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगावच्या बाजूला बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. देशभर त्यावर वाद झाला. तेव्हा संध्याकाळी वावरातून परत येणं काय होतं, हे आमच्या ताटं वाढणाऱ्या हातांना माहीत आहे.

रात्री ८.००

जेवण अंगणात. पाहुणे बसले की दोघं जण खोल्यांकडे जातात. जपानमध्ये पाहुणा जेवायला गेला की त्याची गादी जमिनीवर अंथरली जाते. परत येतो तो तयार अंथरुणावर. आम्ही मच्छरदाणी सोडतो, कूलरमध्ये पाणी भरतो, थर्मासमध्ये गरम पाणी ठेवतो. खोली ३ मध्ये लोड आणि जमिनीलगतचा दिवा.

नागपूरच्या पाहुण्यांपैकी एकजण विचारतातच, “अवनीला मारलं ते बरोबर की चूक?” वाढणाऱ्या ताईंचं गाव त्याच पट्ट्यातलं. मी विषय बदलत नाही, पण तो दुसऱ्या वाघाकडे नेते, आणि वनखात्याचे वाटाड्ये दादा जेवायला असले तर ते सांगतात. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका नर वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणाची शेतं, रस्ते, नाले ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढच्या भटकंतीसकट एकूण चाल ३,००० किलोमीटरांच्या वर. त्याच्या आईला टी-वन म्हणत आणि अवनीचाही सरकारी क्रमांक टी-वनच, म्हणून लोक त्याला अवनीचा बच्चा समजतात. तो तिचा नव्हे. एवढी चाल करूनही त्यानं वाटेत माणसांना फारसं कळू दिलं नाही. “दिवसा तुरीत झोपे, रात्री निघे,” दादा म्हणतात.

ताई कढी वाढत असतात. मग त्या स्वतःहून म्हणतात, “आमच्या वावरातून गेला अशीन तर आमाले बी नाई समजलं.” सगळे हसतात. त्यांना बोलायचं होतं तेवढं त्या बोलल्या.

रात्री १०.००

दहानंतर स्वयंपाकघर बंद. हे खोलीतल्या कागदावर ठळक लिहिलं आहे. एवढ्या महागड्या जागेत रात्री बारा वाजता चहा मिळू नये याचं काहींना नवल वाटतं. पण थर्मासमध्ये पाणी आहे, शेजारी चहाची पूड, आलं, साखर आणि डब्यात शंकरपाळे. रात्री कुणाला चहा लागेल हे संध्याकाळी ओळखता येतं, तर त्यासाठी मावशींना उठवायचं कशाला?

मी आजच्या नोंदी निवडते. निघून गेलेल्या खोली १ च्या पानावरून कायमच्या कार्डावर जातं ते एवढंच: मुलीला गुळाची दशमी आवडते, वडिलांना शेंगदाणे चालत नाहीत. बाकी पान फाडून चुलीत. पुढच्या वर्षी ते आले तर शेंगदाण्यांचा प्रश्न त्यांना पुन्हा ऐकावा लागणार नाही, आणि त्यांची मुलगी कुठल्या रात्री का रडली हे इथे कुणाच्या लक्षात असणार नाही.

खोली ३ चे आजोबा झोपायला जाताना टेबलापाशी थांबले होते. चौकी, लोड, दिवा, यांतलं काही त्यांच्या बोलण्यात आलं नाही. त्यांनी भरताची कृती मागितली. मी मावशींना सकाळी सांगायला लावीन, माळीदादा तेलुगू करून देतील. वहीत उद्यासाठी लिहिते: ‘खोली ३, वांगी भाजताना आजींना चुलीपाशी खुर्ची द्यावी. उंच.’